आधी कानाला लाव

मी घड्याळ बोलतोय, आणि मी चिडलेला आहे. आधीच सांगितलेलं बरं. गोड बोलणारं घड्याळ हवं असेल तर दुकानातल्या काचेच्या कपाटाकडे जा. तिथे ती रांगेने बसलेली असतात, सगळ्यांचे काटे एकसारखे वर केलेले, हसल्यासारखे. माझ्याकडून हसू मिळणार नाही.

मी किल्लीचं घड्याळ. माझ्या पोटात सेल नाही. सकाळी कुणीतरी मला हातात घ्यायचं, बाजूची बारकी गुंडी दोन बोटांत धरून फिरवायची, माझ्या स्प्रिंगेत पीळ भरायचा. मग तो पीळ मी दिवसभर जपून जपून खर्च करतो. म्हणजे मी चालतो तो कुणाच्या तरी बोटांच्या जोरावर. एवढं ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

आज मला बघाल तर काळीभोर डायल दिसेल. सोनेरी मुलामा दिलेली केस, म्हणजे मशीनभोवतीची धातूची डबी, दिसेल. डायलवर असं एक भारी नाव दिसेल की अर्धवट जाणकार माणूस लगेच खिशात हात घालेल. यातलं काहीही माझं नाही. नाव माझं नाही, तोंड माझं नाही, अंगावरचे कपडे माझे नाहीत. आतलं मशीन आणि बाजूची गुंडी, तेवढा मी. माझं खरं तोंड या घटकेला कुणाच्या तरी मनगटावर असेल आणि त्याच्यामागे भलत्याचंच काळीज धडधडत असेल. हे कोणी केलं आणि कोणामुळे झालं, ते सांगतो.

मी बड्या घरचा नाही. एका लांबलचक कारखान्यात, खिडकीशी ओळीने बसलेल्या बायकांनी एका डोळ्याला भिंग लावून मला जोडलं. माझ्यासारखे त्या हॉलमधून ढिगाने बाहेर पडले. आम्ही पगारदार माणसांची घड्याळं. दुधी रंगाची डायल, साधे काटे, साधे आकडे. मला कधी त्याची लाज वाटली नाही. लाज माणसांना वाटते, आणि मग ती आम्हाला रंगवतात.

माझा पहिला मालक गाडी चालवायला शिकवायचा. शिकणाऱ्यांच्या शेजारी बसून त्याचा जन्म गेला. एकदा एका शिकाऊ बाईने भलत्याच वेळी ब्रेक दाबला आणि मास्तरांचा डावा हात माझ्यासकट समोर आपटला. त्या दिवसापासून मी लंगडतो. टिक म्हणतो, मग क्षणभर अडखळतो, मग टाक म्हणतो. वेळ चुकवत नाही, पण चाल लंगडी. मास्तरांच्या घामाची वाफ काचेखाली शिरून चाराच्या आकड्याजवळ एक तपकिरी डागही पडला, शर्टावर चहा सांडल्यासारखा.

मास्तर गेले आणि मी ड्रॉवरमध्ये गेलो. कुलूप हरवलेल्या किल्ल्या, तुटकी बटणं, संपलेले सेल आणि मी. कुणी फेकत नव्हतं, कुणी वापरत नव्हतं. तुम्ही लोक याला जपणं म्हणता. तुम्हाला एकदा ड्रॉवरमध्ये घालून वर्षानुवर्षं जपलं पाहिजे, म्हणजे कळेल. शेवटी घर रिकामं करताना एक इस्त्री, एक टेबलफॅन आणि मी, असे आम्ही तिघे भंगारवाल्या मावशीच्या पोत्यात पडलो.

बंद पडलेल्या एका थिएटरच्या मागच्या आवारात रविवारी जुना बाजार भरायचा. मावशी जमिनीवर चादर टाकून बसायची. तिच्या समोरच टेबल मांडून, टेबलावर मखमल अंथरून, मखमलीवर घड्याळं लावून एक माणूस उभा असायचा. येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला तो 'भावा' म्हणायचा. बाजारात त्याचं नावच भावा पडलं होतं.

तिथे एका रविवारी दोन भाऊ आले.

थोरला लिफ्ट दुरुस्त करायचा. शांत माणूस, नखांत कायम काळं ग्रीस. त्याला जुन्या घड्याळांचं वेड होतं, पण पैसेवाल्यांसारखं नाही. कपाटं भरायला घ्यायचा नाही, मनगटावर घालायला घ्यायचा. धाकटा सामान हलवणाऱ्या ट्रकवर ओझी उचलायचा. शाळा त्याने मधेच सोडली होती, आणि राग आला की हातातलं काहीही सोडायचा.

"हात खिशात घाल," थोरला त्याला म्हणाला.

"का? चोर आहे का मी?"

"चोर नाहीस, उतावळा आहेस. पहिली फेरी हात खिशात घालूनच मारायची. हात बाहेर असले की तू काहीतरी उचलणार. उचललं की ते तुझंच वाटायला लागणार. वाटायला लागलं की तू गेलास."

धाकट्याने हात खिशात घातले, आणि त्या मखमलवाल्या भावाच्या टेबलापाशी पोचताच बाहेर काढले. "दादा, हे बघ! जुनं घड्याळ आणि एकदम नवंकोरं!"

"जुनं घड्याळ नवंकोरं कसं असेल, येड्या? उद्या आपली आई एकही सुरकुती नसलेली दारात उभी राहिली, तर तू तिला घरात घेशील?"

"विचारीन, बाई, आमची आई कुठंय?"

"मग यालाही तेच विचार." थोरल्याने खिशातून भिंग काढलं आणि धाकट्याच्या डोळ्याला लावलं. "अक्षरं बघ. शाई पसरलीय. दुकानाच्या पाट्या रंगवणाऱ्याने काढल्यासारखी. कारखान्यातली अक्षरं अशी नसतात. आता केसच्या कडा बघ. चोखलेल्या गोळीसारख्या गुळगुळीत. इतकं पॉलिश मारलंय की मूळची धार कुठे राहिलीच नाही."

मग तो टेबलामागच्या माणसाला म्हणाला, "मागचं झाकण उघडून दाखवता का?"

"भावा, उघडलं की धूळ जाते ना आत," तो माणूस म्हणाला. "विश्वासावर घे. शेवटचा पीस आहे. सकाळपासून दोघं बघून गेले."

थोरल्याने ते घड्याळ होतं तसं हळूच खाली ठेवलं आणि निघाला. धाकटा मागे धावला. "अरे, भांड ना त्याच्याशी! फसवतोय तो!"

"झाकण उघडत नाही त्याच्याशी भांडायचं नाही. निघायचं. आणि शेवटचा पीस म्हटलं की जरा जास्त भराभर निघायचं."

मग ते मावशीच्या चादरीशी आले. थोरल्याने इस्त्रीच्या खालून मला ओढून काढलं.

"चालतं का, मावशी?"

"मला काय ठाऊक, बाबा? ड्रॉवरमधलं आहे. चाललं तर तुझं नशीब. नाही चाललं तर माझ्या डोक्यात आणून घालू नकोस."

थोरला हसला. चपट्या चाकूने त्याने तिच्यासमोरच माझं झाकण उघडलं. किती वर्षांनी माझ्या मशीनवर उजेड पडला! गंज आहे का बघितलं. डायलवरचं नाव आणि मशीनवरचं नाव एकच आहे ना, बघितलं. झाकण लावलं, गुंडी दोन बोटांत धरली आणि अगदी सावकाश फिरवली, अवघडलेल्या माणसाला हात धरून उठवतात तशी. मग त्याने मला कानाला लावलं. आणि मग धाकट्याच्या कानाला लावलं.

"दादा, हे लंगडतंय."

"पडलं असेल कधीतरी. पण चालतंय ना?"

"आणि तोंडावर डाग आहे. तू त्या चकचकीताला नाही म्हणालास आणि हे घेतोस?"

"डाग आहे, कारण तोंड खरं आहे." थोरला मला तळहातावर उलटंसुलटं करत होता. "हे बघ, जुनं घड्याळ आपण दोनदा विकत घेतो. एकदा विकणाऱ्याकडून आणि एकदा घड्याळजीकडून. साफसफाई, तेलपाणी, काच, पट्टा, सगळं धरायचं. दोन्ही मिळून झेपत असेल तरच हो म्हणायचं. हे साधं घड्याळ आहे, याचे भाग कुठेही मिळतात. भारी नावाचं मोडकं घेतलंस तर जन्मभर एका चाकासाठी फिरशील."

तरी त्याने मला लगेच घेतलं नाही. मावशीची परवानगी घेऊन मला तिच्यासमोरच चालू ठेवलं, दोघं चहा पिऊन आले, मी थांबलो नाही हे बघितलं, मग भाव केला. मावशी म्हणाली, "एवढं बघून लोक सूनही आणत नाहीत." थोरला म्हणाला, "म्हणून तर पस्तावतात."

घड्याळजीने मला खोलून धुतलं, तेल दिलं आणि विचारलं, "चाल सरळ करून देऊ? फार काम नाही."

"राहू द्या," थोरला म्हणाला. "गर्दीत ओळखू येईल."

मग माझे बरे दिवस आले. सकाळी उठला की थोरला मला किल्ली द्यायचा. झाल्यावर मला झोपलेल्या धाकट्याच्या कानाला लावायचा. "ऊठ. लंगडा कामावर निघाला आणि तू अजून लोळतोयस." धाकटा शिव्या घालत उठायचा. आई आतून ओरडायची, "सकाळी सकाळी तोंड सांभाळा रे!" असं रोज. मला वाटायचं, हे असंच चालणार. मला वेळ कळते, पण पुढची वेळ कळत नाही.

लिफ्टच्या कामावर विजेच्या तारांशी गाठ. मनगटावर धातू नको, म्हणून काम सुरू करण्याआधी थोरला मला काढून डब्याच्या पिशवीत ठेवायचा. त्या दिवशीही ठेवलं. एका मोठ्या इमारतीत लिफ्ट बंद करून, मेन स्विच पाडून, त्यावर 'काम चालू आहे' अशी पाटी लावून तो आत उतरला. आणि वरच्या मजल्यावर कुणाला तरी घाई होती. जिने उतरायचे नव्हते. कुणीतरी पाटी बाजूला केली आणि स्विच वर केला.

मी तिथे नव्हतो. मी पिशवीत होतो, डब्याशेजारी, त्याने सकाळी भरलेल्या पिळावर टिक-टाक करत. ज्याने स्विच वर केला त्याचं नाव कुणालाच सापडलं नाही. 'चुकून झालं' एवढंच सगळे म्हणाले. चुकून! पाटी वाचता येणाऱ्या माणसाने पाटी काढली, तर ती चूक नसते. तो माणूस आजही कुठेतरी लिफ्टची वाट बघत चुळबुळत उभा असेल.

पिशवी घरी आली. घरात माणसं दाटीवाटीने बसली होती. कुणी काही बोलत नव्हतं, आणि त्या गप्पपणात माझा आवाज ऐकू यायला लागला. धाकट्याने पिशवीत हात घातला आणि मला बाहेर काढलं. कानाला लावलं.

थोरला नव्हता, पण त्याच्या बोटांचा पीळ माझ्या पोटात शिल्लक होता. धाकट्याला ते कळलं. शाळेत काही कळलं नसेल त्याला, पण हे कळलं. तो मला मुठीत घेऊन भिंतीला टेकून बसला. जेवायला बोलावलं, उठला नाही. मी मंद होत गेलो. आईच्या लक्षात आलं. ती म्हणाली, "अरे, थांबेल ते. किल्ली दे त्याला."

"नाही देणार!" तो असा ओरडला की बसलेली माणसं दचकली. "ही दादाने दिलेली आहे. मी दिली की यात माझी मिसळणार. मग त्याची कुठली आणि माझी कुठली?"

मी शेवटचं टिक म्हणालो. टाक म्हणायला पीळ उरला नाही.

त्याच्या मुठीत मी थांबलो, आणि त्याने माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच त्याच्या भावाला मारलं. आता मी विचारतो, माझा काय गुन्हा? तूच किल्ली दिली नाहीस! पण रागाला कुठे डोकं असतं. पुढच्या रविवारी तो जुन्या बाजारात गेला. फेरी नाही, खिशात हात नाही. जे टेबल पहिलं दिसलं तिथे मला आपटलं. टेबल त्या मखमलवाल्या भावाचं होतं.

"विकायचंय?"

"घेऊन टाक. काय द्यायचं ते दे."

"भावा, बंद आहे हे. डाग पण आहे."

"म्हटलं ना, घे!"

मिळालं ते न बघता खिशात कोंबून तो निघून गेला. वळूनही बघितलं नाही. मास्तरांच्या ड्रॉवरमध्येसुद्धा मी इतका एकटा नव्हतो. तिथे निदान बटणं होती.

भावाच्या मागच्या खोलीचं वर्णन करायला मला आवडत नाही, पण करतो, कारण तुम्ही तिथूनच घड्याळं घेता. एका बशीत नुसते काटे. एका डबीत नुसत्या डायली. एका बरणीत मशीनं, लोणच्यासारखी. त्याने माझं झाकण काढलं, काटे उपटले, तोंड सोलून वेगळं केलं. "डायल झकास आहे," तो स्वतःशीच म्हणाला, "जुनी दिसते." म्हणून माझं तोंड त्याने एका सेलवाल्या स्वस्त मशीनवर चिकटवलं. आणि मला? मला एक काळी रंगवलेली डायल दिली, तिच्यावर भलत्याच बड्या कंपनीचं नाव, आणि सोनेरी मुलाम्याची केस. थेंबभर तेल नाही. लंगडी चाल सरळ करायचीही तसदी नाही. दुरुस्त काही केलं नाही, नुसतं माझं तोंड काळं केलं.

आणि मखमलीवर मला उचलून बघणारे तुम्ही! "वा, काय चमक आहे!" एकाने किल्ली फिरवली नाही. एकाने झाकण उघडायला सांगितलं नाही. एकाने कानाला लावलं नाही. तुम्ही फोनवर माझ्या डायलवरचं नाव शोधायचात, किंमत बघायचात, स्वस्तात मिळतंय म्हणून हरखायचात. इतक्या बड्या नावाचं घड्याळ इतक्या स्वस्तात का मिळतंय, हे विचारायची कुणाला गरज वाटली नाही. फसवणारा एकटा नसतो. त्याला तुमची घाई मदत करते.

इकडे घरी काय झालं ते मला नंतर त्या मायलेकांच्या बोलण्यातून कळलं. आईने विचारलं, "घड्याळ कुठंय?"

"विकलं."

आई चिडली नाही, रडली नाही. हातातलं भांडं खाली ठेवून म्हणाली, "तो काय तुझ्या एकट्याचा होता?"

एवढंच. त्यानंतर ती त्याच्याशी बोलेना. ताट वाढायची, समोर ठेवायची, वळायची. घरात दोघंच उरलेले, आणि त्यातलं एक मुकं. धाकट्याला कुणी मारलं असतं तर सोसलं असतं, हे सोसेना.

दोन-तीन रविवार असे गेले, आणि मग एका रविवारी बाजार मांडायच्या आधीच तो थिएटरच्या आवारात हजर होता. भावाने टेबल लावलं, मखमल अंथरली, आम्हाला ओळीने ठेवलं. आणि धाकट्याला माझं तोंड दिसलं. दुधी डायल, चाराजवळ तपकिरी डाग. त्याने झडप घातली.

"हेच! हेच आमचं! किती देऊ?"

"भावा, आता त्याला खर्च केलाय मी," भावा म्हणाला आणि किंमत सांगितली. धाकट्याने ट्रकवरची आगाऊ मजुरी उचलून आणली होती, तीही जेमतेम पुरणार होती. त्याने खिशात हात घातला.

दोन घड्याळं सोडून मी तिथेच पडलो होतो. मी इथे आहे, गाढवा! इथे, या काळ्या तोंडामागे! पण मी बंद होतो. किल्लीशिवाय मला आवाज नाही. ज्या पोराने मला बंद पडू दिलं, त्याला आता हाक मारायला माझ्याकडे टिकसुद्धा नव्हतं. असा संताप तुम्हाला कधी आलाय?

पैसे काढता काढता त्याचा हात थांबला. खिशात हात होता, म्हणून थांबला असेल. त्याने डागवाल्या तोंडाचं ते घड्याळ कानाला लावलं. भुवया आक्रसल्या. दुसऱ्या कानाला लावलं.

"हे लंगडत नाही."

"नीट केलं ना, भावा! सर्व्हिस केली आतून."

"किल्ली कुठंय याची? ही गुंडी नुसतीच फिरते." त्याने घड्याळ उलटं केलं. मग हळूच म्हणाला, "झाकण उघडा."

"उघडलं की धूळ जाते आत."

हे वाक्य त्याने याआधी ऐकलं होतं. कुठे ऐकलं होतं तेही त्याला आठवलं, आणि तेव्हा शेजारी कोण उभं होतं तेही. मला वाटलं, आता हा टेबल उलटवणार. एरवी उलटवलंच असतं. पण त्याने ते तोंड हळूच खाली ठेवलं, थोरला ठेवायचा तसं. आणि निघाला नाही. टेबलाच्या एका टोकापासून एकेक घड्याळ उचलायला लागला. गुंडी फिरवायची, कानाला लावायचं, खाली ठेवायचं. पुढचं.

"ए भावा, काय चाललंय? घ्यायचं तर घे, नाहीतर..."

"मला भावा म्हणू नको!" आता मात्र आवाज सगळ्या बाजाराला ऐकू गेला. "माझा भाऊ एकच होता. तू कोण लागतोस मला? परत म्हणालास तर हे टेबल तुझ्या अंगावर घालीन."

समोरून मावशी ओरडली, "अरे, बघू दे की त्याला! विकायला बसलायस ना, की दर्शनाला मांडलीयत?" लोक हसले, आणि गोळा झाले.

मग त्याने मला उचललं.

काळ्या तोंडाकडे बघून त्याने नाक मुरडलं. तरी गुंडी बोटांत धरली, आणि थबकला. बाकीची घड्याळं त्याने फिरवली होती तेव्हा थबकला नव्हता. माझी गुंडी जुनी, मूळची, तीच एक बदलायची राहिली होती. तिच्या दात्यांची झीज त्याच्या बोटांना ओळखीची लागली असेल. मी हा असलो, तर मला ऐकायला त्याला किल्ली द्यावी लागणार होती. जी त्याने त्या दिवशी दिली नव्हती. आणि ती एकदा दिली की शेवटची किल्ली थोरल्याची राहणार नव्हती.

दे, मी म्हणत होतो. दे की रे. तुझ्या भावाचा पीळ कधीच संपला. माझ्या पोटात आता त्याचं काही नाही. असलंच तर तुझ्या कानात आहे.

त्याने गुंडी फिरवली. सावकाश. हात धरून उठवल्यासारखी. मला कानाला लावलं.

टिक. क्षणभर अडखळणं. टाक.

तो त्या टेबलासमोर मटकन खाली बसला, मला कानाला धरून. मोठा दांडगा माणूस, कपाटं पाठीवर उचलणारा, तोंड वेडंवाकडं करून रडत होता. लोकांना वाटलं, याला फिट आली.

मग तो उठला आणि भावाला म्हणाला, "याचं झाकण उघड." मावशीने चादरीवरून चाकू सरकवला. एवढी माणसं बघत असताना भावा नाही कसं म्हणणार? झाकण उघडलं. डायलवर एक नाव, मशीनवर दुसरं. जवळच्या एका गिऱ्हाइकाने वाकून बघितलं आणि स्वतःच्या हातातलं घड्याळ मखमलीवर परत ठेवलं. मग दुसऱ्याने ठेवलं.

"घेऊन जा," भावा दातओठ खात म्हणाला. "द्यायचं ते दे आणि नीघ इथून."

"ते तोंडही दे. ते याचं आहे."

पण तेवढ्यात ते तोंड गेलं होतं. गर्दीत, गडबडीत, भावाच्या दुसऱ्या हाताने ते कुणालातरी विकून टाकलं होतं. धाकटा आवारभर धावला. चादरी, टेबलं, थिएटरचं गेट, सगळीकडे. घेणारा सापडला नाही.

घरी आला तेव्हा आई भाजी निवडत होती. त्याने मला तिच्यासमोर धरलं. तिने काळी डायल बघितली, सोनेरी केस बघितली. कित्येक दिवसांनी तिच्या तोंडून शब्द फुटला, तोही असा: "हे कुठलं आणलंस? हे त्याचं नाही."

"बघू नको," तो म्हणाला. "आधी कानाला लाव."

तिने हात पदराला पुसले आणि मला कानाला लावलं. बराच वेळ ठेवलं. तिची मान माझ्या चालीबरोबर बारीक हलायला लागली. मग डोळे न उघडताच तिने विचारलं, "कुणी दिली किल्ली?"

"मी."

"पूर्ण?"

"नाही. जमेना. थोडी फिरवली."

"उद्यापासून अर्धी तू द्यायची," आई म्हणाली. "उरलेली मी देईन."

तसं चाललंय आता. रोज सकाळी दोघं अर्धा अर्धा पीळ भरतात. आईचा हात हलका, त्याचा जड. कधी कधी अर्धं म्हणजे किती यावरून त्यांची वादावादी होते, आणि मला बरं वाटतं. धाकटा मला मनगटावर घालून ट्रकवर जातो. ओझं उचलण्याआधी काढून डब्याच्या पिशवीत ठेवतो. जाणकार लोक माझी डायल बघून त्याला सांगतात, "तुझं घड्याळ बनावट आहे." तो म्हणतो, "तोंड बनावट आहे. कान आहेत का तुम्हाला?"

माझा राग गेलेला नाही. ज्याने पाटी काढून स्विच वर केला त्याच्यावर आहे. ज्याने मला सोलून विकलं त्याच्यावर आहे. चमक बघून पाकीट काढणाऱ्या तुम्हा सगळ्यांवर आहे. धाकट्यावरही आहे, पण त्याच्यावरचा रोज सकाळी थोडा थोडा खर्च होतो.

आणि तुमच्यापैकी कुणीतरी त्या रविवारी थिएटरमागून एक घड्याळ घेतलं असेल. दुधी डायल, चाराच्या आकड्याजवळ चहा सांडल्यासारखा डाग. तुम्ही म्हणत असाल, काय छान जुनं घड्याळ मिळालं, वेळही बिनचूक. ते आत्ता मनगटावरून काढा आणि कानाला लावा. ते लंगडतंय का? नाही ना? मग ते माझं तोंड आहे. आणून द्या. मावशी अजून तिथेच चादर टाकून बसते. तिच्याकडे ठेवलंत तरी चालेल.